कोल्हापूर सोडून मुंबईकडे, कडेवर लहान मूल घेऊन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही अडीच वर्षांच्या लेकीला घेऊन मंगळवार पेठेतून ठाण्याला आलो, त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून महिन्यातून एक तरी फोन येतोच. "वैनी, आमच्या ह्यांची बदली झालीया, काय काय बघू?" दर वेळी तेच सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. आम्ही ठाण्यात राहतो, म्हणून उदाहरणं तिथली आहेत. डोंबिवली, कल्याण, मुलुंडला जाणाऱ्यालाही बहुतेक लागू पडतील.

पगार चांगला वाढतोय. मग परवडायला अडचण कसली?

आमचाच हिशेब मांडते. कोल्हापुरात दोघांचे मिळून 78,000 हातात यायचे, ठाण्यात 1,20,000 येऊ लागले. वाढ झाली 42,000. सासूबाईंनी पेढे वाटले. पहिल्याच महिन्यात घरभाडं 28,000, पाळणाघर 10,500, आणि धुणं-भांडी-स्वयंपाकाच्या मावशींचे 3,500. बेरीज करून बघा. अजून लोकलचा पास, रिक्षा आणि सोसायटीच्या पार्किंगचे पैसे यात धरलेलेच नाहीत.

माणसं भाड्याच्या आकड्याला घाबरतात. तो आकडा निदान आधी कळतो तरी. आम्हाला खरा दणका दिला तो कोल्हापुरात ज्याचे पैसे कधी मोजलेच नव्हते त्याने. पोरीला दुपारी झोपवायचं काम सासूबाईंचं. मला यायला उशीर झाला तर शेजारच्या काकू तिला वरणभात भरवायच्या. ताप आला तर दीर गाडीवरनं दवाखान्यात घेऊन जायचा. यातल्या एकाही गोष्टीला पावती नव्हती. ठाण्यात प्रत्येकीला आहे, आणि काहींना तर पैसे मोजूनही माणूस मिळत नाही.

म्हणून निघायच्या आधी एक आठवडा वही ठेवा. मुलाला कोणी घेतलं, कोणी आंघोळ घातली, कोणी फिरवून आणलं, किती वेळ, सगळं लिहा. आठवड्याच्या शेवटी जे तास निघतील तोच तुमचा नवा खर्च. मग पगाराचं पत्र पुन्हा वाचा.

घर ऑफिसजवळ घ्यावं की लांब, स्वस्तात?

दोन्ही नको. पाळणाघराजवळ घ्या.

हे मी फार उशिरा शिकले. आम्ही आधी घोडबंदर रोडच्या बाजूला घर बघितलं. खोल्या मोठ्या, भाडं जरा कमी, खाली बाग, झोपाळा. पोरगी खूश. पण तिथून स्टेशनला पोचेपर्यंतच जीव जायचा. संध्याकाळी रस्ता तुंबला की तासभर बसमध्येच. पाळणाघर बंद व्हायचं सातला. एकदा मी पावणेआठला पोचले. बाई दाराला कुलूप लावून पायरीवर बसल्या होत्या, पोर त्यांच्या मांडीवर झोपलेली. बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

अकरा महिने संपल्यावर आम्ही नौपाड्याच्या बाजूला लहान, जुनं, महाग घर घेतलं. लिफ्ट नाही. पण पाळणाघर चालत सहा मिनिटं आणि तिथून स्टेशन बारा मिनिटं. घर, पाळणाघर, स्टेशन ही तीन ठिकाणं एका ओळीत यायला हवीत, उलट्या दिशांना नकोत. कोल्हापुरात आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, "हितंच हाय" म्हणतो. इथे मिनिटांत मोजायचं, तेही संध्याकाळी सातच्या मिनिटांत. रविवारी सकाळी घर बघून हो म्हणू नका. बुधवारी संध्याकाळी स्टेशनवरून त्या घरापर्यंत एकदा स्वतः जाऊन बघा.

ऑफिसजवळच्या पाळणाघराचा मोह होतो. पण सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये तीन वर्षांचं मूल घेऊन चढणं ही काय चीज आहे ते एकदा चढून बघा, म्हणजे तो विचार आपोआप सुटेल.

भाडेकरारात काय बघायचं?

इथे बहुतेक ठिकाणी 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो. तो नोंदवलेला हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "नोटरी करू या, तीच चालते सगळ्यांना" असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. नोंदवलेला करार पुढे शाळेत, बँकेत, गॅसला पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो, आणि भांडण झालंच तर उपयोगी पडतो.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, ते एकूण भाड्यावर आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्यावर. आमचं भाडं 28,000, डिपॉझिट एक लाख. 11 महिन्यांचं शुल्क साधारण 800 रुपये आलं. शिवाय महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एजंट घरी येऊन आधार आणि अंगठ्यावर करून देतो, त्याचे वेगळे. ब्रोकरचं एक महिन्याचं भाडं आम्ही दिलं, तेच सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं. दोन फोन आणि एक किल्ली, एवढंच त्याचं काम.

लॉक-इन, म्हणजे मध्येच घर सोडता येत नाही ती मुदत, किती महिन्यांची ते नीट वाचा. लहान मूल असलेल्याने तीन महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नये असं माझं मत. पाळणाघर जमलं नाही तर घर बदलायची वेळ येते.

घर बघताना मुलाच्या दृष्टीने काय तपासायचं?

खिडक्यांना जाळ्या आणि गॅलरीला ग्रिल. नसेल तर मालकाने बसवून द्यावं हे करारातच घाला. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं हे मालकाला न विचारता वॉचमनला विचारा. सगळ्यात वरचा मजला पावसात गळतो, भिंतींना ओल धरते आणि पोराचा खोकला सप्टेंबरपर्यंत हटत नाही. कपाटाच्या मागची भिंत हात लावून बघा.

तळमजला घेणार असाल तर गेल्या पावसाळ्यात पाणी कुठवर आलं होतं ते समोरच्या दुकानदाराला विचारा. 2019 आणि 2021 चा महापूर बघितलेल्या माणसाला वाटतं, आपल्याला पाण्याचं काय शिकवता? पण पंचगंगा चढताना दिसते, धोक्याची पातळी जाहीर होते, आवरायला वेळ मिळतो. इथे साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आले की दोन तासांत रस्ता पाण्याखाली. भरतीच्या तारखा आधी जाहीर होतात. त्या दिवशी पोराला कोण आणणार, हे सकाळीच ठरवून घर सोडायचं.

पाळणाघर कसं निवडायचं?

भिंतीवरची कार्टून आणि कॅमेरे बघून निवडू नका. दुपारी दोनला, न सांगता जा. तेव्हा मुलं झोपलेली असतात आणि पाळणाघर खरं कसं आहे ते तेव्हाच कळतं. झोपलेल्या मुलांजवळ कोण बसलंय? की बाई आत स्वयंपाकघरात आणि बाहेर टीव्ही चालू? दहा मुलांमागे किती माणसं, हे मोजून घ्या. सांगितलेला आकडा आणि दिसलेला आकडा वेगळा असतो.

मग विचारायच्या गोष्टी. उशीर झाला तर किती वेळ थांबतात आणि त्याचे किती घेतात? ताप असेल तर ठेवून घेतात का? (नाही घेत, आणि ते बरोबरच आहे, त्या दिवशी रजा तुमची.) दिवाळीत किती दिवस बंद? आमचं पहिलं पाळणाघर दिवाळीला नऊ दिवस बंद राहिलं, हे आम्हाला वसुबारसेला कळलं. आणि मध्येच सोडलं तर ॲडव्हान्स परत मिळतो का, हे लेखी घ्या. आमचा गेला.

जेवण शक्यतो घरचं द्या. पहिले दोन महिने मूल तिथे काही खात नाही, निदान ओळखीचा डबा तरी उघडतं.

ऑफिसनेच पाळणाघर द्यायला पाहिजे म्हणे, खरं का?

प्रसूती लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणंही. नोकरी स्वीकारण्याआधी एचआरला ईमेलने विचारा. नंतर विचारलं की हसतात. काही कंपन्या त्याऐवजी पाळणाघराच्या फीचे पैसे देतात. गर्दीच्या लोकलचा विचार केला तर तेच जास्त उपयोगाचं.

आजीलाच बरोबर नेलं तर?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि सगळ्यांना उत्तर आधीच ठरलेलं हवं असतं.

आम्ही नेलं. सासूबाई चार महिने राहिल्या. मंगळवार पेठेत सकाळी दारात उभं राहिलं की दहा माणसं बोलायची. इथे दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. दुपारी पोरगी झोपली की त्या खिडकीत बसून समोरच्या बिल्डिंगचं रंगकाम बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "मला हितं करमंना. पोरीसाठी ऱ्हातीया, पर मी बी आता म्हातारी झालीया की." मी काय बोलणार? आजी म्हणजे बिनपगारी पाळणाघर हे गणित आम्हीच मनातल्या मनात मांडलेलं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं.

आता त्या तीन आठवडे येतात, मग महिना-दीड महिना जातात. पोरीचं पाळणाघर तोवर चालूच ठेवतो, अर्धा दिवस. पैसे जातात, पण आजी आजीसारखी राहते. येण्याजाण्याचा खर्च कमी आहे: एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे आणि 75 वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत. सासरे 70 चे आहेत, त्यांनाही निम्मंच. रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे.

शाळेचं कधीपासून बघायचं?

येण्याच्या आधीच्या पावसाळ्यापासून. मुंबई-ठाण्यातल्या अनेक खाजगी शाळा पुढच्या जूनचे नर्सरी प्रवेश दिवाळीच्या आसपासच उरकतात. मार्च महिन्यात सामान घेऊन आलेला कोल्हापूरकर "जागा शिल्लक नाही" ऐकत हिंडतो. आम्ही तसेच हिंडलो.

वयाची अट: राज्यात नर्सरीला 3 वर्षं आणि पहिलीला 6 वर्षं पूर्ण हवीत, आणि तारीख 31 डिसेंबरची धरतात. दुसऱ्या बोर्डाची शाळा असेल तर त्यांची तारीख त्यांनाच विचारा. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव घातलंय का ते बघा. अनेकांच्या दाखल्यावर नुसतं "बाळ" असतं आणि त्यासाठी पुन्हा कोल्हापूरची खेप पडते.

मूल पहिलीत किंवा पुढे असेल तर शाळा सोडल्याचा दाखला वेळेत घ्या. पण तो उशिरा आला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये आहे. त्याच कायद्याचं कलम 13 प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायला मनाई करतं. तरीही एका शाळेत आम्हाला दोघांना बसवून "घरी कोणती भाषा बोलता?" विचारलंच. "कोल्हापुरी," असं नवऱ्याने सांगितलं. प्रवेश मिळाला नाही.

याच कायद्याने खाजगी शाळांत दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या 25 टक्के राखीव जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरता येतो. त्यात घरापासून शाळेचं अंतर बघतात, त्यामुळे इथल्या पत्त्याचा पुरावा आधी लागतो. नोंदवलेल्या भाडेकराराचा आग्रह मी वर का धरला ते इथे कळेल.

मराठी माध्यमात घालू का? लोक वेड्यात काढतात.

काढू देत. शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्या गावातून येऊन लहान गटासाठी लाखभराच्या फीचा कागद हातात धरताना मला तरी लाज वाटली. मुंबई महापालिका आठ माध्यमांत शाळा चालवते, शिवाय काही शाळांत केंद्रीय बोर्डाचा अभ्यासक्रमही आहे. जवळच्या पालिका शाळेत एकदा जाऊन शिक्षकांशी बोला. तिथे न जाताच नाक मुरडणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. आमची लेक सध्या घराजवळच्या जुन्या मराठी शाळेच्या बालवर्गात आहे, चालत पाच मिनिटं.

लसी आणि डॉक्टरांचं काय?

माता-बाल संरक्षण कार्ड सामानाच्या खोक्यात टाकू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. सरकारी वेळापत्रक सगळीकडे तेच आहे: 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) पहिला बूस्टर, मग 5-6 वर्षांच्या वयात डीपीटीचा दुसरा बूस्टर. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात या लसी मोफत मिळतात, रेशन कार्ड कुठलंही असो.

बालरोगतज्ज्ञ पहिल्याच आठवड्यात शोधा, पोर धडधाकट असतानाच. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून एका कागदावर सगळं लिहून घ्या: कुठलं औषध सोसत नाही, झटके, ॲलर्जी. मोठं काही निघालंच तर परळचं वाडिया हे खास मुलांचं हॉस्पिटल आहे, माहीत असू द्या. ॲम्ब्युलन्स इथेही 108.

आणि घामोळं येणारच. साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावातलं पोर समुद्राच्या दमट हवेत आणलंय. सुती कपडे, दोन वेळा आंघोळ.

मूल गप्प झालंय, चिडचिड करतंय. चुकलं का आमचं?

आमची लेक पहिले सहा आठवडे रात्री उठून "घरी जाऊ या" म्हणायची. "हेच घर आहे" हे उत्तर तिला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही. नंतर तसं म्हणायचं बंद केलं. "रंकाळ्याला जायचंय होय? दिवाळीला जाऊ" असं सांगायला लागलो आणि कॅलेंडरवर खूण करून दिली. रोज एक चौकोन ती खडूने रंगवायची.

येताना तिची जुनी गोधडी आणली होती, धुतली नाही मुद्दाम. वासाने झोपायची. आजोबांचा व्हिडिओ कॉल रोज ठरलेल्या वेळी; बोलणं कमी, आजोबा नुसते चहा पीत बसायचे आणि ही खेळायची. तेवढं पुरायचं. शी-शूचं शिकलेलं विसरली, बाटली पुन्हा मागायला लागली. हे सगळं होतं आणि जातं. दोन-तीन महिने उलटूनही खाणं-झोप सुधारली नाही, बोलणं कमी होत गेलं, तर डॉक्टरांना दाखवा. "शहराचं वारं लागलंय" म्हणून वाट बघू नका.

बोलीवरून हसतात?

हसतात. पाळणाघरात लेक "मला लई भूक लागलीया" म्हणाली की ताई कौतुकाने सगळ्यांना ऐकवायच्या. कौतुकच होतं, पण पोरीला ते समजेना, ती बोलायचीच थांबली. मी जाऊन सांगितलं, तिचं बोलणं दुसऱ्याला करून दाखवू नका. त्यांनी ऐकलं. आता ती आजीशी "व्हय की" आणि मैत्रिणींशी "मेरेको वो वाला चाहिए" म्हणते. दोन्ही चालू दे.

दूध कसलं मिळतं?

गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं म्हशीचं दूध इथे विसरा. गोकुळची पिशवी मिळते, गल्लोगल्ली. आपल्याच जिल्ह्याचं दूध आपल्या मागोमाग आलेलं बघून पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, दर बघून पुन्हा एकदा आलं. चटणी मात्र वर्षाची करूनच आणा.

एमएच-09 गाडी चालते का?

चालते. राज्य तेच, नंबर बदलावा लागत नाही. पत्ता बदलल्याचं 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पण पार्किंग मिळणार नसेल तर चारचाकी गावातच ठेवा.

गॅस, रेशन, आधार?

गॅस: सिलिंडर-रेग्युलेटर कोल्हापुरात जमा करून डिपॉझिट आणि कागद घ्या, इथे नवं कनेक्शन. बिल्डिंगला पाइपचा गॅस असेल तर तो प्रश्नच नाही. रेशन: अन्नसुरक्षेचं कार्ड आधारशी जोडलेलं असेल तर धान्य इथल्या दुकानातही उचलता येतं, नाव कमी-जास्त करायची घाई नको. मुलाचं आधार 5 वर्षांनंतर बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं, तेव्हाच पत्ताही बदला.

घरभाड्यावर करात सूट?

जुनी करपद्धत घेतली तरच एचआरएची (पगारातल्या घरभाडे भत्त्याची) सूट मिळते. नव्या पद्धतीत नाही. वर्षाचं भाडं लाखाच्या वर असेल तर मालकाचा पॅन लागतो. तो देतो का, हे डिपॉझिट द्यायच्या आधी विचारा.

कोल्हापूरला येणंजाणं कसं करता?

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. दिवसा कोयना आहे, पण लहान मुलाला घेऊन अख्खा दिवस डब्यात काढायचा म्हणजे बिस्किटांचे सहा पुडे. दोन्ही गाड्या कल्याणला थांबतात, म्हणून कल्याण-डोंबिवलीकडचे आपले लोक सुखी. आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी आठला उघडतं. गणपती आणि दिवाळीच्या तारखा कॅलेंडरवर बघून मागे 60 दिवस मोजा आणि मोबाइलला गजर लावा. 5 वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळा बर्थही मिळत नाही. खालचा बर्थ मागा, आणि पोराला भिंतीकडून झोपवा.